धंदा स्वतःचा, तर वर्गणीही स्वतःचीच: कोल्हापुरात नव्याने व्यवसायात उतरलेल्यांसाठी सामाजिक सुरक्षेची वाट

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सात वर्षं टर्नर म्हणून राबलेला एक तिशीतला पोरगा नोकरी सोडून उद्यमनगरात आला. जुनी लेथ विकत घेतली, गाळा भाड्याने घेतला आणि जॉबवर्क सुरू केलं. मी तिथल्या लहान वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहितो, म्हणून पहिल्याच महिन्यात तो फाइल घेऊन माझ्याकडे आला. फाइलमध्ये शॉप अ‍ॅक्टचा कागद होता, उद्यम नोंदणी होती, व्यवसाय कराचं २,५०० रुपयांचं चलन होतं. "दादा, सगळं झालं न्हवं आता?" त्याने विचारलं.

सरकारदरबारी धंदा उभा करायला लागणारं बहुतेक सगळं झालं होतं. पण त्या फाइलमधल्या एकाही कागदाने त्याला म्हातारपणी एक रुपया मिळणार नव्हता, आणि उद्या हात मशीनमध्ये अडकला तर दवाखान्याचं बिलही भागणार नव्हतं. शॉप अ‍ॅक्ट म्हणजे दुकानाची नोंद. उद्यम म्हणजे उद्योगाची नोंद. व्यवसाय कर हा कर आहे, त्याच्या बदल्यात पेन्शन नाही की विमा नाही. दरवर्षी अडीच हजार भरतोय म्हणजे सरकार आपली काळजी घेईल, असं मानणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

मग मी त्याला जुनी पगाराची स्लिप काढायला लावली.

आधी स्लिप वाचा: काय गेलं ते कळेल

पगार १६,००० रुपये. पीएफची वर्गणी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी, म्हणजे १,८०० रुपये त्याच्या पगारातून कापले जायचे. तेवढेच १,८०० मालक घालायचा. मालकाच्या त्या १,८०० मधले १,२५० पेन्शन योजनेत जायचे आणि ५५० पीएफमध्ये. ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, त्याचे पाऊण टक्का म्हणजे १२० रुपये आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५२० रुपये. शिवाय पीएफला जोडलेल्या विम्यासाठी मालक अर्धा टक्का भरायचा, ७५ रुपये. हे ७५ रुपये कामगाराच्या कधी लक्षातही येत नाहीत, पण नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्यातूनच घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते.

बेरीज केली तर महिन्याला ४,३१५ रुपये होतात. त्यातले त्याच्या खिशातून फक्त १,९२० जायचे, बाकीचे २,३९५ मालकाचे.

नोकरी सोडली त्या महिन्यापासून हे ४,३१५ शून्य झाले. आपल्याकडे स्वतःचा धंदा करणाऱ्याला सक्तीची वर्गणी नाही. कुणी कापून घेत नाही, कुणी नोटीस पाठवत नाही. पहिल्या वर्षी हे बरं वाटतं, कारण हातात चार पैसे जास्त खेळतात. पण मालकाचा वाटाही आता तुमच्याच गल्ल्यातून निघायला हवा. म्हणून नव्याने धंद्यात आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की आपल्या जुन्या स्लिपवरून असा आकडा काढा आणि तो दर महिन्याचा खर्च म्हणून वहीत लिहा, गाळ्याच्या भाड्याच्या खालच्याच ओळीत. पूर्वी नोकरी केलेली नसेल तर कमाईच्या दर शंभरातले पंधरा-वीस रुपये बाजूला काढायचे असं धरा.

आता हे पैसे कुठे आणि कुठल्या क्रमाने घालायचे ते बघू.

पायरी १: जुनं पीएफ खातं मोडू नका

धंद्याला भांडवल हवं असतं आणि पीएफची रक्कम डोळ्यांसमोर दिसत असते, त्यामुळे पहिला हात तिथेच जातो. काढायचेच असतील तर दोन गोष्टी आधी तपासा. सलग पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर कर लागतो. आणि पेन्शनच्या भागाचं वेगळं बघावं लागतं. नोकरीची वर्षं १० भरली असतील तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क पक्का झालेला असतो, तो पैसे काढून घालवता येत नाही आणि घालवूही नये. १० भरली नसतील तर पेन्शनची रक्कम उचलण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या वर्षांचा दाखला, मागून घ्या. पुढेमागे परत नोकरी धरली तर ती जुनी वर्षं नव्या वर्षांत मिळवता येतात. आमच्या या टर्नरची सात वर्षं झाली होती. तो पैसेच काढणार होता, अर्ज भरायच्या आधी आला म्हणून ती सात वर्षं वाचली.

ईएसआयचा आधार नोकरी सुटली त्याच दिवशी तुटत नाही, भरलेल्या वर्गणीनुसार काही महिने पुढे चालतो. तेवढ्या मुदतीत दुसरी सोय लावायची. पीएफचा तो ७ लाखांचा विमा मात्र असा पुढे सांभाळता येत नाही.

पायरी २: दवाखाना

पेन्शनच्या आधी दवाखाना. एका मोठ्या आजारपणात दहा वर्षांची बचत जाते, हे कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगायला नको.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि २०२४ पासून राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळतात. पिवळं आणि केशरीच काय, पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही. म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही कुठलीही वर्गणी न भरता हे संरक्षण आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयांत आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. रुग्ण दाखल करताना पहिल्यांदा त्यांनाच गाठायचं. हा उपचार योजनेत बसतो का, हे बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. ठरवून दिलेल्या उपचारांसाठी, ठरवून दिलेल्या रुग्णालयांतच योजना चालते, आणि नुसती तपासणी करून औषधं लिहून घेण्याला ती लागू होत नाही. चौकशीचा नंबर १५५३८८. घरातल्या ७० वर्षांवरच्या माणसांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड काढता येतं. आईवडिलांचं राहिलं असेल तर आधी ते करा.

एक गोष्ट जवळून पाहिलेली. सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराच्या बायकोला पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं. नवऱ्याने रेशनकार्ड काढून दाखवलं. त्यावर त्याचं नाव, आईचं नाव, मरून गेलेल्या वडिलांचंही नाव. बायकोचं नाहीच. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण तिचं नाव अजून गडहिंग्लजकडच्या माहेरच्या कार्डावर होतं. ते कमी केल्याचा दाखला आणून इथे चढवण्यात जे दिवस गेले, त्या दिवसांत तिच्या दुखण्याने काही थांबून वाट पाहिली नाही. शेवटी हातउसने घेऊन ऑपरेशन केलं. घरात नवी सून आली, बाळ जन्मलं, की रेशनकार्डात नाव चढवणं त्याच महिन्यात उरका. हा कागद आता निव्वळ धान्याचा राहिलेला नाही.

सरकारी योजना असतानाही पैसे असतील तर कुटुंबाचा खासगी मेडिक्लेम घ्यावा, असं माझं मत आहे. कारण योजनेबाहेरचे आजार आणि योजनेबाहेरचे दवाखाने असतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. फक्त आधीपासून असलेली शुगर, बीपी लपवू नका. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते, तेवढी थांबायची तयारी ठेवा. लपवलेलं उघड झालं तर ऐन गरजेच्या वेळी दावा अडतो.

पायरी ३: ४५६ रुपयांचं काम, आणि मे महिना

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी ही. दोन विमे आहेत, दोन्ही बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यातून कापले जातात.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वर्षांपर्यंत प्रवेश, ५५ पर्यंत संरक्षण, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख. नव्याने घेतल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मध्येच घेतलात तर जीवन ज्योतीचा हप्ता कमी पडतो: सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८, मार्च ते मे ११४.

दोन बँकांत खाती आहेत म्हणून दोन्हीकडे फॉर्म भरला तर ४ लाख मिळतील, असा समज आहे. मिळत नाहीत. एका माणसाला एकच, २ लाखच.

माझे मामा टेम्पो चालवायचे. मार्केट यार्डातून गुळाची वाहतूक करायचे. दोन्ही विमे त्यांनी मीच सांगितल्यावर घेतले होते आणि तीन वर्षं पैसे कापले जात होते. चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये ते हार्टअटॅकने गेले. मामी पासबुक घेऊन माझ्याकडे आली. मी मे महिन्याचं पान उघडलं. वीस रुपये कापल्याची ओळ होती. त्याखाली ४३६ ची ओळ असायला हवी होती, ती नव्हती. शिल्लक ३१२ रुपये. टेम्पोचा हप्ता आदल्या आठवड्यात गेला होता आणि खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून जीवन ज्योतीचं नूतनीकरणच झालं नाही. बँकेकडून काही निरोप आला असेल तर तो मामांनी वाचला नसणार, त्यांचा फोन साधा होता. सव्वाशे रुपयांसाठी २ लाख गेले. ते पान मी अजून विसरलेलो नाही, आणि त्यानंतर दर मे महिन्यात माझ्याकडच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करतो.

तेव्हा २० मेच्या आत त्या खात्यात निदान ५०० रुपये शिल्लक ठेवा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून दोन्ही ओळी डोळ्यांनी बघा. मेसेजवर विसंबू नका. तिसरं, फॉर्मवर वारसदाराचं नाव आहे का ते बघा. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असतं आणि नंतर बायकोला दारोदार फिरावं लागतं.

अपघाताच्या दाव्याला कागद लागतात: पोलिसांची फिर्याद किंवा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला. शेतातला सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा वेळी पोलिसांकडचा कागद नसला तरी दवाखान्यात तातडीने नेल्याची नोंद लागते. ऊसपट्ट्यातल्या माणसाने हे मनात पक्कं धरून ठेवावं. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवला तर जीवही जातो आणि दाव्याचा आधारही. दावा त्याच बँकेच्या शाखेत, शक्यतो ३० दिवसांच्या आत द्यायचा.

कुटुंब पूर्णपणे तुमच्या कमाईवर असेल तर २ लाखांत भागत नाही. पीएफचा ७ लाखांचा विमा गेलाय, तो भरून काढण्यासाठी एक साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, घ्या. पैसे परत मिळणारी पॉलिसी म्हणून कुणी काही गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. विमा विम्याच्या जागी आणि बचत बचतीच्या जागी ठेवावी.

पायरी ४: ई-श्रम

२६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेलं हे पोर्टल म्हणजे असंघटित कामगारांची देशभराची नोंदवही. वय १६ ते ५९, पीएफ-ईएसआयचे सदस्य नाही, आयकर भरत नाही, अशा कुणालाही नोंद करता येते: रंकाळ्यावरचा भेळवाला, घरी शिलाई करणारी ताई, हुपरीचा चांदी कारागीर, रिक्षावाले काका. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं लागतं. नोंदणी फुकट आहे. कार्डाचे शे-दोनशे रुपये कुणी मागितले तर देऊ नका. मदतीसाठी १४४३४ हा नंबर आहे.

कार्डावर १२ आकडी क्रमांक येतो आणि त्याला यूएएन म्हणतात. पीएफच्या क्रमांकालाही यूएएनच म्हणतात आणि तोही १२ आकडीच. दोन्ही वेगवेगळे आहेत, फाइलवर तसं लिहून ठेवा. नाहीतर फॉर्म भरताना एकाच्या जागी दुसरा जातो.

नुसत्या कार्डाने पैसे येत नाहीत. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तीत स्वयंरोजगारी माणसाला असंघटित कामगारांत धरलं आहे आणि पुढच्या योजनांचा आधार ही नोंदच असणार आहे. मोबाइल अ‍ॅपवरून जेवण किंवा पार्सल पोचवणाऱ्या पोरांसाठी तर याच कायद्याने अ‍ॅपच्या कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घातली आहे. अशा पोरांनी ही नोंद आजच करावी.

गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी यांच्यासाठी याशिवाय बांधकाम कामगार मंडळ वेगळं आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. मुलांच्या शिक्षणापासून मृत्यूपर्यंतच्या मदती त्यात आहेत. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.

पायरी ५: पेन्शन

इथे वयाला फार महत्त्व आहे. चाळिशीच्या आत आणि चाळिशीनंतर, असे सरळ दोन रस्ते आहेत.

चाळिशीच्या आतल्यांसाठी श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन. श्रमयोगी मानधन २०१९ पासून आहे. महिन्याची कमाई १५,००० पर्यंत, वय १८ ते ४०. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ५५ रुपये, तिसाव्या वर्षी १०५, चाळिसाव्या वर्षी २००. जेवढे तुम्ही भरता तेवढेच केंद्र सरकार भरतं, मालकाचा वाटा इथे सरकार उचलतं असं समजा. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये. माणूस गेल्यावर नवरा किंवा बायकोला निम्मे, म्हणजे १,५००. मुलांना काही नाही. दुकानदारांसाठी लघु व्यापारी मानधन म्हणून अशीच योजना आहे, तिथे वार्षिक उलाढाल दीड कोटींच्या आत हवी. नाव घालायला सीएससी, म्हणजे सरकारी कामांच्या ऑनलाइन सेवा केंद्रात जायचं, पहिला हप्ता रोख, पुढचे खात्यातून.

अटल पेन्शन २०१५ पासून आहे. साठीनंतर १,००० ते ५,००० यांतली जी ठरवाल ती पेन्शन. ५,००० साठी महिन्याचा हप्ता अठराव्या वर्षी २१०, पंचविसाव्या वर्षी ३७६, तिसाव्या वर्षी ५७७, पस्तिसाव्या वर्षी ९०२ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. हे आकडे एकदा शांतपणे वाचा. तिशीतून पस्तिशीत जाईपर्यंत "बघू पुढच्या वर्षी" म्हणत राहिलं की हप्ता दीडपटीच्याही वर जातो. सरकार बरोबरीने वर्गणी घालत नाही, पण ठरलेल्या किमान पेन्शनची हमी देतं. माणसामागे जोडीदाराला तेवढीच पूर्ण पेन्शन, आणि दोघेही गेल्यावर वारसदाराला जमलेली रक्कम मिळते, ५,००० च्या पेन्शनला ती साधारण साडेआठ लाख आहे. अट एकच: आयकर भरणारा, किंवा आधी कधी भरलेला माणूस १ ऑक्टोबर २०२२ पासून यात नव्याने येऊ शकत नाही. विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जासाठी रिटर्न भरलं पण कर शून्य निघाला, तर तेवढ्याने तुम्ही बाद होत नाही.

दोन्हींत काय घ्यावं? कमाई अगदी बेताची असेल तर मानधन, कारण १०५ रुपये भरून दुप्पट जमा होतात. थोडी ऐपत असेल तर मी अटल पेन्शन सांगतो, कारण पैसे शेवटी घरातच राहतात. टर्नर पोराची कमाई पंधरा हजारांच्या वर होती, त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्नच मिटला. ५७७ रुपये तीस वर्षं भरले तर २,०७,७२० होतात. साठीनंतर वर्षाला ६०,००० मिळणार, म्हणजे साडेतीन वर्षांत भरलेलं परत हातात. पण तीस वर्षांनंतर ५,००० रुपयांत किती भाजी येईल, हेही मी त्याला विचारलं. एवढ्यावर म्हातारपण निघणार नाही, हा फक्त पाया आहे.

गुऱ्हाळवाले, ऊसबिलावर चालणारे, लग्नसराईवर जगणारे मंडपवाले, कॅटरर यांना दर महिन्याचा हप्ता जड जातो, कारण त्यांचा पैसा हंगामात येतो. अटल पेन्शनमध्ये तिमाही आणि सहामाही हप्त्याची सोय आहे, ती मागून घ्या. हप्ता चुकला तर खातं लगेच बंद होत नाही, दर शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया दंड बसतो. मध्येच सोडलं तर मात्र भरलेलं आणि त्यावरची मिळकतच परत येते.

चाळिशी ओलांडलेल्यांना वरचे दोन्ही दरवाजे बंद आहेत, पण एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) उघडे आहेत. एनपीएसमध्ये वर्षाला निदान १,००० रुपये भरायचे, पैसे बाजारात गुंततात, कमीजास्त होतात, मोठ्या मुदतीत वाढतात. पीपीएफ पोस्टात किंवा बँकेत, वर्षाला ५०० ते दीड लाख, मुदत १५ वर्षं, व्याज २०२० पासून ७.१ टक्के. धंदेवाल्यासाठी पीपीएफचा एक मोठा गुण असा की कोर्टाच्या हुकूमनाम्यानेही देणेकऱ्याला त्यावर जप्ती आणता येत नाही. धंदा बुडाला तरी ती रक्कम घराची राहते.

जे कुठलीच योजना देत नाही

आजारपणात बुडालेली मजुरी आणि बंद पडलेल्या धंद्याचा भत्ता, या दोन गोष्टी स्वयंरोजगाऱ्याला आपल्याकडे मिळत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरी भागांत दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. पगारदाराचा पगार खात्यात पडला, पण गाळेवाल्याने आधी चिखल उपसला, मग मोटारी वाळवल्या आणि मग कुठे पहिलं गिऱ्हाईक आलं. म्हणून तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे वेगळ्या खात्यात हवेत, धंद्याच्या खात्यात नकोत. नदीकाठच्या भागात दुकान असेल तर दुकानाच्या विम्यात पूर धरला आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा.

बाळंतपणाचंही असंच आहे. नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा असते, स्वतःचं पार्लर किंवा शिलाईचं काम असलेल्या ताईला ती नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. ई-श्रम कार्ड असलेल्या बायका यात पात्र ठरतात, अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे फॉर्म भरायचा. रक्कम पुरेशी नाही हे मलाही मान्य आहे, पण पात्र असून न घेणाऱ्या फार आहेत.

घरात निराधार किंवा ६५ च्या पुढचे वृद्ध असतील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल, तर संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. महिन्याला १,५०० रुपये, वर्गणी काही नाही.

आणि धंदा वाढला की बाजू बदलते. कामावर माणसं १० झाली की ईएसआय, २० झाली की पीएफ तुम्हाला भरावा लागतो. तेव्हा आपली जुनी स्लिप आठवा, त्या पोरांचे ७५ रुपयेही चुकवू नका.

टर्नर पोराचा हिशेब असा लागला. ४,३१५ मधले ५७७ अटल पेन्शनला, दोन्ही विम्यांचे वर्षाचे ४५६ म्हणजे महिन्याला ३८. उरले ३,७००. त्यातून कुटुंबाचा मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स, त्यानंतर जे शिल्लक राहील ते पहिलं वर्षभर तीन महिन्यांच्या राखीव खात्यात आणि ते भरलं की पीपीएफमध्ये. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्याकडून पूर्ण आकडा निघाला नाही, अडीच हजारच निघाले. तेवढे भर म्हटलं, पण दवाखाना आणि विमा आधी.

परवा त्याच्या गाळ्यावर गेलो होतो. लेथच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, तेलाच्या बोटांनी काळवंडलेलं. मे महिन्याचं पान उलटून त्याने २० तारखेला खडूने गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय: खात्यात ५०० ठेव.